न्यायला कोणी आलंय का?

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भरदुपारची आहे. आणि ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल माझ्या सख्ख्या मामाच्या घरी जाऊन बसावं. मामा चहा देईल. पण आतल्या खोलीतून हाक आली... तर तुम्हाला आत जाऊ देणार नाही.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार होता. जागा, स्टेशनमागचं गोदाम.

लोक गाडीत जे विसरून जातात ते सगळं तिथे पडून राहतं. कोणी मागायला आलं नाही की लिलाव. छत्र्या, बॅगा, चष्मे, काठ्या. एकदा तर कवळी निघाली होती! "हसत हसत उतरला असेल बिचारा," मामा म्हणाला होता.

मामा असाच. तोंडाला कुलूप नाही. लिलावातल्या जुन्या वस्तू घ्यायच्या, ठीकठाक करायच्या आणि विकायच्या, यात त्याची हयात गेली.

त्या गोदामाची एक रीत होती. बोली सुरू करण्याआधी लिलाववाला वस्तू सगळ्यांना दाखवायचा आणि तीनदा विचारायचा, "न्यायला कोणी आलंय का?" खरा मालक असलाच तर त्याला शेवटची संधी. पण तो कधी यायचाच नाही. रोजच्या व्यापाऱ्यांना या विचारण्याचा भारी कंटाळा. मग मागून कोणीतरी ओरडायचं, "आलोय रे बाबा, आलोय! आवर आता!" सगळे हसायचे आणि गाडी पुढे सरकायची.

त्या शनिवारी व्हीलचेअर आली.

मामाला ती हवीच होती. विकायला नव्हे, मामीसाठी. पडल्याचं निमित्त झालं आणि मामीचा खुबा मोडला होता. पलंगाला खिळलेली. एरवी तिच्या बडबडीने घर भरलेलं असायचं. "अहो, निदान खिडकीपर्यंत तरी न्या मला. नाहीतर मी या पंख्याशी बोलायला लागेन," रोज म्हणायची.

"न्यायला कोणी आलंय का?"

गोदाम गप्प.

एरवी दंगा घालणारे सगळे... गप्प. दर लिलावात छत्र्या उचलणारा छत्रीवाला तर मान खाली घालून बसला होता.

"न्यायला कोणी..."

"आलोय की!" मामा ओरडला. "मीच आलोय न्यायला! चला, आटपा!"

कोणीच हसलं नाही.

कोणी बोलीही लावली नाही. खुर्ची मामाला मातीमोलाने मिळाली.

बाहेर आल्यावर छत्रीवाल्याने त्याचा दंड धरला. "अरे, थट्टेलाही जागा असते. त्या खुर्चीत एक म्हातारी होती. मुलगा पाणी आणतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. ती वेटिंग हॉलमध्ये बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, माझा मुलगा दिसला का? त्या खुर्चीतच संपली."

"मग? मेलेलं माणूस खुर्ची परत मागणार आहे का?"

"खुर्ची नाही रे..." छत्रीवाल्याने त्याचा दंड सोडला. निघून गेला.

घरापर्यंत खुर्ची ढकलताना मामाला घाम फुटला. चाकं गंजली असतील म्हणून त्याने तेल घातलं.

तरी ती जडच होती.

मामीला त्याने उचलून खुर्चीत बसवलं. "निघाली राणीसाहेबांची स्वारी!" मामी खुदकन हसली. आणि हसता हसता थांबली. तिने मामाचं मनगट गच्च धरलं.

"अहो... उचला मला."

"का गं? टोचतंय का?"

"मी कोणाच्यातरी मांडीवर बसलेय..."

मामाने झटकन तिला उचललं. गादीत खोलगट खड्डा पडला होता. मामी पलंगावर गेली तरी तो वर आला नाही.

त्या दिवसापासून खुर्ची जिन्याखाली. पण दुपारी घर शांत झालं की आवाज यायचा. कुर्र... कुर्र... मामाने दार उघडावं, तर खुर्ची उंबऱ्याशी. तोंड आत, मामीच्या पलंगाकडे.

आणि मामीची बडबड आटत चालली. एकदा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तिला खूप थंडी वाजते हो. मी थोडं सरकून घेतलं."

मामा तसाच उठला. त्याने गोदाम गाठलं. "घेतलेला माल परत नाही," लिलाववाला म्हणाला आणि त्याच्याकडे न बघता आत गेला.

मग मामाने भरदुपारी ती खुर्ची ढकलत नेली आणि वेटिंग हॉलमध्ये, बाकांच्या टोकाला ठेवली. वाटभर ती तशीच जड होती. तो वळला. चार पावलं गेला नसेल, तोच मागून हाक आली.

"अहो..."

हुबेहूब मामीचा आवाज.

पण मामी तर घरी पलंगावर. हे त्या म्हातारीचेच खेळ, असं मनाला बजावून मामा मागे न बघता निघाला.

घरी आला. मामी पलंगावर उठून बसली होती. स्वतःची स्वतः. डोळे दाराला लावून.

मामाला बघताच तिचा चेहरा उजळला.

"मिळालं का रे पाणी, बाळा?"

मामा जसा होता तसा उलटा धावला. खुर्ची जागेवर होती. त्याने दांडा धरला, आणि काय सांगू, ती रिकामी खुर्ची इतकी हलकी होती की एका बोटाने सरकली! तो वेड्यासारखा मामीला हाका मारत हॉलभर फिरला. लोक बाजूला झाले. खुर्ची घरी आणली. तिच्यातून कोणी आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, वयाचा परिणाम. मला मामीने लहानाचं मोठं केलं, पण मी पाया पडलो तर तिने परक्यासारखे पाय आखडून घेतले. ती म्हातारी वाईट नाही हो. हाच तर ताप आहे. ओरडत नाही, त्रास देत नाही. फक्त मामा नजरेआड झाला की लहान मुलासारखी रडते. श्वास कोंडतो तिचा, ओठ निळे पडतात. आणि ओठ तर मामीचे आहेत! त्यामुळे मामाला घर सोडता येत नाही. तिकडे हॉलमध्ये मामी हाका मारत असेल, आणि तो इथे बांधलेला.

म्हणून मी जातो. गाडी पकडायची नसली तरी जातो. बाकांच्या टोकाशी उभा राहतो, कान देऊन. माणसं, घोषणा, बॅगांची चाकं... एवढंच. पण तिथून निघताना दर वेळी पाय अडखळतात. कोणालातरी एकटं टाकून चाललोय असं वाटतं.

कालही जाऊन आलो. मामा दारातच उभा होता.

"आली का रे हाक?"

मी मान हलवली. नाही.

तेवढ्यात आतून मामीच्या गळ्यातून आवाज आला, "बाळा... कुठे गेलास?"

मामाने डोळे पुसले.

"इथेच आहे गं, आई," तो म्हणाला. "मी कुठे जातोय."