तपकिरी पडद्यामागचं मूल

चेहरा जमला, फ्रॉकच्या चुण्या जमल्या, बूटसुद्धा बऱ्यापैकी उतरले. पण त्या मुलीचा डावा हात काही केल्या स्वरूपाला जमेना. खोडून खोडून कागदाचा तो कोपरा मळकट झाला होता.

शरदातली सुट्टी लागली होती. जर्मनीतल्या येना शहरात टेकडीच्या उतारावर एक जुना व्हिला, म्हणजे मोठा बंगला आहे. तो आता गावातलं एक कलामंडळ चालवतं. सुट्टीत तिथे मुलांसाठी फेरीनकुर्स, म्हणजे सुट्टीतला चित्रवर्ग असतो. स्वरूपा आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ सिद्धांत यांनी त्यात नावं घातली होती. उंटरश्लाइसहाइम या दूरच्या गावाहून त्यांची मावसबहीण शिवांगीताई सुट्टीला आली होती, तीही रोज त्यांच्याबरोबर यायची. शिकवायला फ्राऊ हेंकेल, म्हणजे हेंकेलबाई होत्या. व्हिलाच्या दालनात टांगलेल्या जुन्या चित्रांपैकी एकेक निवडून सगळ्यांनी त्याची नक्कल करायची होती.

स्वरूपाने निवडलं ते चित्र दालनातलं सगळ्यात मोठं. त्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. पांढरा फ्रॉक, कमरेला निळी रेशमी पट्टी, भांग अगदी मधोमध. चित्राची उजवी बाजू तपकिरी पडद्याने भरलेली होती, आणि मुलीने डाव्या हाताने त्या पडद्याची कड धरली होती. खाली पितळी पट्टीवर लिहिलं होतं : ‘एकटी मुलगी. चित्रकार अज्ञात.’

फ्राऊ हेंकेल पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, की अशी चित्रं काढणारे चित्रकार अकादमीत वर्षानुवर्षं शिकलेले असत. आधी पुतळ्यांची चित्रं काढायची, मग जिवंत माणसांची, आणि मग कुठे हातात रंग मिळायचा. कुंचल्याचा एकही फटकारा दिसता कामा नये, गाल कसा काचेसारखा गुळगुळीत हवा, अशी त्यांची शिस्त. श्रीमंतांची मुलं त्यांच्यासमोर तासन्‌तास ताटकळत उभी राहायची. हे ऐकून सिद्धांतने त्या मुलांबद्दल जर्मनमध्येच हळहळ व्यक्त केली होती. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर बहुधा जर्मनमधूनच यायचं.

स्वरूपा चित्रातल्या हाताकडे बघत राहिली. मग तिने सिद्धांतला खिडकीजवळ नेलं आणि तिथला पडदा मुठीत धरायला लावला. त्याने धरला. लगेच कापडाला चुण्या पडल्या, सिद्धांतची बोटं आवळली गेली. चित्रातला पडदा मात्र सरळसोट खाली आला होता, हाताला त्याचा पत्ताच नसल्यासारखा. बोटंही सैल होती. त्यांची पकड हलकी, पण काळजीपूर्वक होती.

“आता माझा हात धर,” ती सिद्धांतला म्हणाली.

त्याने धरला. स्वरूपाने वळून आपल्याच बोटांकडे पाहिलं, मग चित्राकडे. शिवांगीताईनेही पाहिलं. 

“तिने पडदा धरलेलाच नाहीये,” स्वरूपा हळूच म्हणाली. “तिने कुणाचा तरी हात धरलाय.”

शिवांगीताई मोठी चौकस. तिने मोबाइलचा टॉर्च लावून प्रकाश चित्रावर बाजूने, अगदी तिरका पाडला. मुलीचा चेहरा, फ्रॉक, जमीन, सगळं गुळगुळीत होतं. पडद्यावर मात्र कुंचल्याचे फटकारे ओबडधोबड उठून दिसले, भिंत रंगवावी तसे. अकादमीत शिकलेल्या माणसाचं हे काम नव्हतं. पडदा दुसऱ्याच कुणीतरी नंतर रंगवला होता. आणि त्याच्या खाली, मुलीच्या खांद्याच्या उंचीवर, रंगाला एक गोल उंचवटा होता.

फ्राऊ हेंकेलनी चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला आणि त्या चित्राच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचं नाक कॅनव्हासला लागतं की काय असं वाटलं. हे मंडळाच्या अध्यक्षांना सांगायलाच हवं, असं त्या म्हणाल्या.

अध्यक्ष हेर रोटमान बाहेरच होते, हातात मोजायची टेप घेऊन. ते आनंदात होते. मंडळाला कुणीतरी एक सुंदर सोनेरी चौकट भेट दिली होती आणि त्यांनी ती याच चित्राला लावायचं ठरवलं होतं. फक्त चित्र जरा रुंद पडत होतं. उद्या दुपारी चौकटवाला येणार होता आणि पडद्याकडची पट्टी कापून टाकणार होता.

 स्वरूपाने अडखळत सगळं सांगितलं. हेर रोटमाननी ऐकलं, पण लहान मुलाची कविता ऐकावी तसं. ढगातही मुलांना हत्ती दिसतात, असं ते म्हणाले. फ्राऊ हेंकेलनी आणखी दोन दिवस थांबा म्हणून विनवलं, तर चौकटवाल्याची वेळ पुन्हा मिळणार नाही, असं उत्तर आलं.

“मी हे चित्र कित्येक वर्षं रोज पाहतोय,” ते म्हणाले. “तिथे पडदा आहे. दुसरं काही नाही.”

 घरी जेवायला बसल्यावर स्वरूपाने आईला सगळं सांगितलं. तिची आई, सुमेधा, येनातल्या एका संस्थेत प्रकाशावर संशोधन करायची. ती म्हणाली की डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. पुष्कळसे तपकिरी, मातकट रंग त्याला अडवू शकत नाहीत. खाली काही असेल तर तसा कॅमेरा ते दाखवू शकेल. विद्यार्थ्यांना दाखवायला असा एक कॅमेरा त्यांच्या संस्थेत होताही.

“मावशी, मग उद्या आण ना,” शिवांगीताई म्हणाली.

आईने लगेच हो म्हटलं नाही. कॅमेरा संस्थेचा, चित्र मंडळाचं; दोन्हीकडे विचारायला हवं. तिने फ्राऊ हेंकेलना फोन केला, मग आपल्या प्रमुखांना. दोन्हीकडून होकार आला, पण उद्या तिची महत्त्वाची बैठक होती. चार वाजण्याआधी तिला निघता येणार नव्हतं. आणि चौकटवाला तर दोनला येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दालनाच्या दाराशी खिन्न होऊन उभी होती, तेव्हा शिवांगीताईचं लक्ष दारावरच्या पाटीकडे गेलं. तिने ती वाचली, पुन्हा वाचली आणि हसू लागली. पाटीवर लिहिलं होतं : ‘फेरीनकुर्सची मुलं काम करत असताना दालनातली कोणतीही वस्तू जागेवरून हलवू नये.’ खाली सही : रोटमान, अध्यक्ष.

वर्ग एरवी दुपारी एकला सुटायचा. त्या दिवशी फ्राऊ हेंकेलनी विचारलं, की काम पुरं करायला कुणाला आणखी वेळ हवा आहे का. सगळेच हात वर झाले. बातमी सकाळीच वर्गभर पसरली होती. मुलांनी मोठ्या चित्रासमोर अर्धवर्तुळात खुर्च्या मांडल्या, डबे मांडीवरच खाल्ले आणि पेन्सिली चालू ठेवल्या.

दोन वाजता हेर रोटमान चौकटवाल्याला घेऊन आले. मुलांनी जरा बाजूला व्हावं, असं ते म्हणाले.

 मोठ्या माणसांशी वाद घालायची स्वरूपाला सवय नव्हती. तरी ती उठून उभी राहिली.

“आम्ही अजून काम करतोय, हेर रोटमान,” ती म्हणाली. “आणि पाटी तुमचीच आहे.”

हेर रोटमान दारापर्यंत जाऊन पाटी वाचून आले. त्यांचे कान लाल झाले होते. चौकटवाल्याने मात्र आपली हत्यारांची पेटी खाली ठेवली.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” तो म्हणाला. “नियम तो नियम. मी कॉफी पितो.”

तो दोन तासांहून अधिक वेळ कॉफी पीत बसला. सिद्धांतने तर मुलीच्या बुटाच्या नाड्याच तेवढ्या वेळात चारदा काढल्या. स्वरूपाच्या कागदावर मात्र एक रेघही उमटली नाही. खाली काहीच निघालं नाही तर? आई एवढी धावपळ करून येणार, सगळा वर्ग ताटकळत बसलेला, आणि खाली नुसता कॅनव्हास निघाला तर?

आई धापा टाकतच आली. तिने बरोबर आणलेला दिवा चित्रापासून बऱ्याच अंतरावर ठेवला, खिडक्यांचे पडदे ओढायला लावले आणि कॅमेरा लावला. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं करडं दिसू लागलं. मुलगी फिकट झाली. तपकिरी पडदा तर धुक्यासारखा विरळ होत गेला.

धुक्यातून आधी एक लाकडी घोडा दिसला. मग घोडा धरलेला छोटा हात, फ्रॉकची झालर आणि एक गोल चेहरा. तीनेक वर्षांचं ते मूल दुसरा हात मोठ्या मुलीच्या हातात देऊन उभं होतं. मोठी मुलगी समोर बघत होती. ते मात्र मान वर करून तिच्याकडेच बघत होतं.

“धाकटी बहीण,” हेर रोटमान पुटपुटले.

फ्राऊ हेंकेलनी नकारार्थी मान हलवली. भांग एका बाजूला होता, आणि त्या काळी असा भांग बहुधा मुलग्यांचा असे. लहान मुलग्यांनाही तेव्हा फ्रॉकच घालत. सिद्धांतने हे ऐकून स्वतःच्या जीन्सकडे मोठ्या कृतज्ञतेने पाहिलं.

त्याला का झाकलं, हे कुणालाच सांगता येईना. कदाचित तो लहानपणीच गेला असेल आणि घरच्यांना ते बघवलं नसेल. कदाचित कुणा विक्रेत्याला एकटी मुलगीच अधिक बरी वाटली असेल. स्वरूपाने त्यावर फार विचार केला नाही. भाऊ इतकी वर्षं तिथेच होता आणि बहिणीने त्याचा हात सोडला नव्हता, एवढं तिला पुरेसं होतं.

हेर रोटमाननी टेप गुंडाळून खिशात घातली. चौकटवाल्याला त्यांनी सांगितलं, की चित्राला हात लावायचा नाही. चौकट दुसरी बघू. मग ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनकडे बघत राहिले.

चित्रं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञ बाई जवळच्या वायमार शहराहून आल्या. हिवाळाभर त्यांनी वरचा रंग तसूतसूने काढला. ईस्टरच्या सुट्टीत चित्र पुन्हा दालनात लागलं. शिवांगीताई मुद्दाम आली. बाबांनीही त्या दिवशी रजा टाकली. दालनात उभं राहायला जागा नव्हती.

हेर रोटमान सगळ्यांसमोर उभे राहिले. त्यांनी लांबलचक भाषण लिहून आणलं होतं, पण ते खिशातच राहिलं.

“मी हे चित्र मोजलं होतं,” ते म्हणाले. “या मुलांनी ते पाहिलं. आज हा छोटा इथे आहे तो यांच्यामुळे.” मग त्यांनी स्वरूपाकडे वळून विचारलं, “आलेल्या पाहुण्यांना हे चित्र तू समजावून सांगशील का?”

टाळ्या पडल्या आणि थांबल्या.  आईचे डोळे भरून आले होते, बाबा अंगठा उंचावून उभे होते, आणि सिद्धांत चक्क मराठीत म्हणाला, “सांग ना, ताई.”

ती चित्रापाशी गेली आणि बोलू लागली.