तिसरं रीडिंग

ही गोष्ट घडलेली आहे. तेलंगणातल्या बोथजवळच्या एका मराठी शाळेत, गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी. रात्र नव्हती, चांगली उन्हं होती, हे आधीच सांगितलेलं बरं.

जिच्या बाबतीत घडली तिनंच सांगितली. तिचं नाव हर्षाली. त्या शाळेत विज्ञान शिकवते. तिचे वडील केशवराव तिथलेच विज्ञानाचे मास्तर.

त्याच्या महिनाभर आधीचा शनिवार अगदी नेहमीसारखा होता. जुनी प्रयोगशाळा बंद होऊन कॉम्प्युटरवरची व्हर्च्युअल लॅब सुरू होणार होती. हर्षालीनंच ती आणली होती. पडद्यावर ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची रेघांची काचनळी; पडद्यावरच थेंब. शेवटच्या थेंबाला पाणी गुलाबी. काच फुटत नाही, हात भाजत नाही. रीडिंग दर वेळी तेच, १०.०.

"चूकच होत नाई याच्यात," केशवराव म्हणाले. "मंग पोरं शिकतीन काय?"

ब्युरेट वाचताना ते डोळा रेघेशी येईपर्यंत वाकायचे. गुडघा कट् वाजायचा.

"मास्तर, गुडघ्याले तेल पाजा!" शाळेतली शिपाई बयनाबाई हटकून म्हणायची.

त्यांचा एक नियम होता. दोन रीडिंग आपण घ्यायची. तिसरं दुसऱ्याच्या डोळ्यांनी.

"हर्षू, चार वाजता लॅबमधी ये. शेवटचं एक खरंखुरं करू. तिसरं तू घे."

"मले काम हाये, बाबा."

पाच वाजता बयनाबाई कुलूप लावायला गेली...

केशवराव टेबलाशी पडले होते. श्वास नव्हता. वहीत १०.२. त्याखाली १०.१.

तिसरी चौकट रिकामी.

महिना गेला. शनिवारी शाळा सुटल्यावर हर्षाली कॉम्प्युटरच्या खोलीत एकटीच होती. सोमवारच्या वर्गासाठी तिनं तोच प्रयोग उघडला आणि वही घ्यायला वळली...

टप.

खोलीत नळ नव्हता. कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते.

टप... टप...

माऊस जागचा हलला नव्हता. पडद्यावरचं पाणी गुलाबी झालं. पहिल्या चौकटीत आकडा उमटला...

१०.२.

ती दारात धावली. "बयनाबाई, जुन्या लॅबमधी कोनी हाये काय?"

"कोन राहीन बाई? चाबी तं माह्या कमरेले हाये."

ती परत आली. दुसरी चौकट भरली होती.

१०.१.

ज्याला चूक करताच येत नाही, त्या यंत्रात.

मग अगदी तिच्या कानाशी...

कट्.

तिनं मागं पाहिलं नाही. थेंब थांबले होते. तिसऱ्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता.

तिनं थेंब सोडायचं बटण दाबलं. एकदा. दहादा. पडद्यावरचं ब्युरेट रिकामं होतं. ते पुन्हा भरेना.

पुढं आदिलाबादहून माणूस आला. त्याला बिघाड सापडला नाही. ते दोन आकडे अजून पुसले जात नाहीत. तिसरा येत नाही. हर्षाली दर शनिवारी चार वाजता तिथं जाऊन बसते. टप नाही. कट् नाही.

केशवराव पडले, तेव्हा ती शेजारच्या स्टाफरूममध्ये मोबाइल चाळत बसली होती. हे बयनाबाईलाही ठाऊक नाही.

ते आकडे उमटले त्या दुपारी, पडद्यासमोरून उठण्याआधी ती वाकली. डोळा रेघेशी येईपर्यंत.

"मले काई काम नोतं, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "मी मोकळीच होती."