एका खाचेतल्या दोन काचा

बुधवार, १७ जानेवारी २०२४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या. त्यांपैकी बासष्ट ब्लास्ट होत्या.

ब्लास्ट म्हणजे अपरिपक्व पेशी. त्यांनी हाडांतल्या मज्जेत राहावे, तिथेच पूर्ण वाढावे आणि मगच रक्तात उतरावे, असा शरीराचा नियम आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या बोटातून घेतलेल्या थेंबात त्यांतली एकही दिसायला नको होती; बासष्ट म्हणजे रक्ताचा कर्करोग.

येरमाळ्याच्या बसथांब्यासमोर एका गाळ्यात माझी प्रयोगशाळा आहे. सोलापूरच्या तंत्रनिकेतनातून पदविका, नंतर सरकारी नोकरी आणि निवृत्तीनंतर हे. महामार्गावरून मालट्रक गेला की टेबल थरथरते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले आहेत. यंत्राने आकडे दिले तरी शंका आल्यास काचेवर थेंब पसरवून, रंगवून, पेशी स्वतः डोळ्यांनी मोजतो. मोजणीच्या डबीवरचे बटण शंभराव्यांदा दाबले की घंटी वाजते.

त्या सकाळी रंगाची नवी बाटली फोडली होती. नवा रंग मी आधी स्वतःच्या रक्तावर पाहतो, कारण माझ्या पेशी मला पाठ आहेत. करिश्माच्या बोटाला सुई लावली आणि लगेच माझ्याही.

“तुमाला बी दुखलं का, आप्पा?” तिने विचारले.

“तुला दुखलं तेवढंच.”

“मंग बराबरी झाली,” ती म्हणाली आणि बोट तोंडात घातले. तिच्या नडग्यांवर निळे डाग होते.

तिची आई दैवशाला दारातच उभी होती. मेंढपाळाचे घर; चपलांना लेंड्यांचा वास. “कावीळ हाय का, आप्पा?”

“कावीळ न्हाय. हिला आजच्या आज सोलापूरला न्या. चिठ्ठी देतो.”

“आज? मेंढरं कोण बघंल?”

“मेंढरं कुणीबी बघंल. पोरीकडं तूच बघ.”

माझ्या काचेवर ब्लास्ट एकही नव्हती. तिची काच रुग्णांच्या पेटीत ठेवली, माझी खिडकीजवळच्या तबकात.

फेब्रुवारीत दैवशालाचा फोन आला. आवाज खोल गेलेला. “औषध लागू पडंना, आप्पा. साठ-बासष्टवरच हाय म्हणत्यात. डॉक्टर आता आमच्या डोळ्याला डोळा भिडवंनात.”

मी करिश्माची काच पुन्हा काढली. रंगाची तुलना करावी म्हणून माझीही काढली. मोजणी तीच आली. तेवढ्यात कळंबची बस लागली, चार-पाच माणसे एकदम आत शिरली आणि घाईत मी दोन्ही काचा पेटीच्या एकाच खाचेत सरकवल्या. एका खाचेत एकच काच, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

चूक चार दिवसांनी लक्षात आली. मोजताना भिंगाखाली टाकतो त्या तेलाने काचा एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवल्या, पुसल्या, खराब तर झाल्या नाहीत ना हे पाहावे म्हणून तिची मोजली.

पंचावन्न.

शंभर पेशींच्या मोजणीत पाच-सातांचा फरक पडतोच. मला आश्चर्य वाटले नाही. मग माझी मोजली. सात.

वाळवलेली, मिथेनॉलमध्ये पक्की केलेली, रंगवलेली पेशी मेलेली असते. ती वाढत नाही, सरकत नाही. मी काचांवरची नावे तपासली. जागा बदलून मोजले, दिवा बदलून मोजले. तिच्या पंचावन्न, माझ्या सात. नेहमी पडणारा पाच-सातांचा फरकसुद्धा पडेना.

मग मी एक पेशी निवडली. तिच्या काचेवरची ब्लास्ट, जिच्या केंद्रकाला भाकरीचा घास तोडल्यासारखी खाच होती. अशी दुसरी मी कधी पाहिली नव्हती. हिऱ्याच्या लेखणीने तिच्याभोवती बारीक वर्तुळ कोरले आणि दोन्ही काचा मुद्दाम एका खाचेत ठेवल्या.

दुसऱ्या सकाळी वर्तुळात एक साधी, निरोगी, गोल पेशी होती. खाच असलेली पेशी माझ्या काचेवर सापडली, काठापासून तेवढ्याच अंतरावर.

भीती वाटायला हवी होती. मी दुपारपर्यंत चहासुद्धा घेतला नाही, इतका त्यात गुंतलो. गौराबाई, माझी पत्नी, डबा घेऊन आली आणि मी जेवताना नेहमीसारखा एक डोळा मिटून ताटाकडे पाहत होतो.

“दोन्ही डोळं उघडा की,” ती म्हणाली. “भाजीत जंतू न्हाईत. म्याच केलीय.”

मार्चच्या सुरुवातीला दैवशाला फोनवर ओरडलीच. “उतरलं, आप्पा! चाळीसवर आलंय! एकाएकी लागू पडलं म्हणत्यात.”

त्या सकाळची माझी मोजणी: तिच्या काचेवर चाळीस, माझ्या काचेवर बावीस. फोन ठेवून मी बोटाला सुई टोचली आणि ताज्या थेंबाची नवी काच केली. बावीस.

प्रयोगाला उलट बाजू हवी. मी माझी काच घरी नेली आणि कारळाच्या चटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवली. आठ दिवसांनी फोन आला.

“परत चढाय लागलंय, आप्पा. चव्वेचाळीस.” मग दैवशालाने आवाज खाली आणला. “पोरगी इचारती, मी कवा घरी जायाचं. काय सांगू?”

मी घरी जाऊन डबा उघडला. काच बाहेर काढली.

गौराबाई मागे उभी होती. “चटणीच्या डब्यात काच? तुमचं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?” मग तिने माझी बाही वर केली. दंडावर तळहाताएवढा निळा डाग होता. “आन् हे कुठं धडकला?”

“टेबलाला.”

“टेबल दंडाएवढं उंच कवा झालं?”

मी बाही खाली ओढली. ती पाहत राहिली. मग डबा धुवायला घेतला, आणि धुता धुता म्हणाली, “मला बिनकामाची समजू नगा. सांगाल तवा सांगा.”

दुसऱ्या दिवशी गाळ्यात माझी काच मोजली: अठरा. मग दोन्ही काचा पुन्हा एका खाचेत ठेवल्या.

दयेने ठेवल्या असे लिहायला बरे वाटले असते. दया होतीच. पण झाकण लावताना मनात आकडाच होता: पंचावन्न आणि सात, चाळीस आणि बावीस, चव्वेचाळीस आणि अठरा. बेरीज प्रत्येक वेळी बासष्ट. ती शेवटपर्यंत तशीच राहते का, हे मला पाहायचे होते.

मी झाकण उघडले नाही.

जूनमध्ये त्या दोघी आल्या. करिश्माच्या डोक्यावर नवे केस उगवले होते, करड्या कोकरासारखे. दैवशालाने येडेश्वरीचा प्रसाद टेबलावर ठेवला. “डॉक्टर म्हणत्यात साफ हाय. पर तुमी बघा. पयलं तुमीच बघितलं हुतं.”

मी थेंब घेतला, पसरवला, रंगवला, मोजला. घंटी वाजली.

“शून्य,” मी म्हणालो.

दैवशाला खुर्चीतच वाकली आणि पदर तोंडाला लावून रडली.

“आता तुमचं,” करिश्मा म्हणाली.

“माझं कशाला?”

“मागच्या बारीला बी टोचलं हुतं की. बराबरी नगं?”

मी टोचले. काच केली. कापूस दाबून धरला. तो लाल झाला. दुसरा घेतला, तोही. हसता हसता ती कापसाकडे वाकली.

“तुमचं थांबंना, आप्पा.”

“थांबंल. बस सुटंल, जा.”

येडशीची बस त्यांना घेऊन गेली. मी शटर अर्धे खाली ओढले.

काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. भिंग टेकवले त्या पहिल्याच जागी ती होती. घास तोडल्यासारखी खाच. ओळखीचे माणूस दिसावे तशी.

तिच्या अगदी शेजारी आणखी एक होती. तीच खाच, त्याच बाजूला.

बाहेरून ट्रक गेला. टेबल थरथरले. मी थांबलो, मग मोजू लागलो.

घंटी वाजली. मी आकडा पाहिला, डबी शून्यावर आणली आणि पुन्हा मोजले.

शंभरपैकी त्रेसष्ट.