एकसष्टावी लेव्हल

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. जे दिसतं तेवढंच सांगायची सवय आहे मला. पटलं नाही तर सोडून द्या, पण यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

रविवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन.

वहिनीला जाऊन एकवीस दिवस झाले होते. बाथरूममध्ये पाय घसरला, डोक्याला मार लागला. आतून कडी. शेजाऱ्यांनी दार फोडलं तोवर सगळं संपलं होतं. दादा तेव्हा झोपला होता, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घरांचे नकाशे काढतो. चार दिवस फोन उचलत नव्हता, म्हणून माझ्याजवळच्या किल्लीने मी दार उघडलं.

तो हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर बसला होता. दाढी वाढलेली. ओठ फुटलेले.

त्याचा नेहमीचाच खेळ. एक छोटा माणूस खोकी ढकलत वाट मोकळी करतो. खोकं पुढे ढकलता येतं, मागे ओढता येत नाही. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. वहिनी त्या खेळाला 'माझी सवत' म्हणायची.

"दादा, पाणी तरी पी."

"थांब. जमत आलंय."

मी स्क्रीनकडे पाहिलं...

हॉल. बोळ. स्वयंपाकघर. बेडरूम.

ते त्याचंच घर होतं.

"हा नकाशा तू काढलास?"

"नाही गं. खेळात साठच लेव्हल आहेत. ही एकसष्टावी. ती गेल्यावर आठवड्याने आपोआप उघडली. मापं बघ... इंचाचा फरक नाही."

बोळात खोकीच खोकी. त्यांच्या पलीकडे बाथरूमचा चौकोन.

त्यात एक बारकी आकृती होती. बसलेली.

दादाने एक बटण दाबलं. स्क्रीनवर एक खोकं सरकलं.

आणि बेडरूममधून फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज आला...

मी धावले. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं होतं. फरशीवर ताजा ओरखडा.

"प्रत्येक चालीला असंच होतं," दादा बसल्या जागेवरून म्हणाला.

"ऊठ. आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल."

तो उठला नाही.

"मी झोपलो नव्हतो गं."

"काय?"

"तिने तीनदा हाक मारली. मी म्हटलं, आलो, एवढी लेव्हल होऊ दे. मग हाका थांबल्या. आणि मला... मला बरं वाटलं. आता निवांत खेळता येईल म्हणून."



तेवढ्यात कडी वाजली.

बाथरूमची.

खडखड... खडखड... आतून कुणीतरी जीव खाऊन ओढत असल्यासारखी.

त्या बाथरूमला दारच नव्हतं. फोडलेलं दार भंगारात गेलं होतं. चौकटीला नुसता पडदा होता. आणि पडदा हलतसुद्धा नव्हता.

"तुलाही ऐकू येतंय?" दादाने माझा हात धरला. "म्हणजे मला वेड लागलेलं नाही!"

तो भराभर चाली करू लागला. बोळ मोकळा होत होता. स्वयंपाकघरात काहीतरी जड सरकलं. पडद्यामागून आता थापा पडत होत्या. लाकडावर पडाव्यात तशा...

मी स्क्रीनवर डोळे रोखले. शेवटचं खोकं बाथरूमच्या दारात होतं. चाली उरल्या होत्या तीन.

आणि मला दिसलं.

"दादा, अरे, ते खोकं ढकलत तुलाही आत शिरावं लागतंय. ती सुटेल, पण तिच्या जागी तू अडकशील. तुला बाहेर यायला जागाच राहत नाही."

"माहितेय मला."

"दादा!"

"तिला एकदा तरी बाहेर काढू दे गं. पाया पडतो तुझ्या."

पहिली चाल. थापा वाढल्या.

दुसरी. पडद्याखालून पाण्याचा ओघळ बोळात आला.

दादाचं बोट शेवटच्या बटणावर टेकलं...

मी वायर उपटली.

स्क्रीन काळी झाली. दादा ओरडला नाही. लहान पोरासारखा खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला.

थापा मात्र थांबल्या नाहीत.

हळूहळू मंद होत गेल्या. दोन थापांमधलं अंतर वाढत गेलं. मी घड्याळाकडे बघत होते. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत आम्ही दोघं बोळाच्या तोंडाशी बसून होतो. पडदा बाजूला करायला ना तो उठला, ना मी.

मग सगळं गप्प झालं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला मी तो खेळ दाखवला. साठ लेव्हल. एकसष्टावी नाहीच.

दादा आता माझ्याकडे राहतो. वेळेवर जेवतो, कामावर जातो. भावाला वेळीच सावरलंस, असं सगळे म्हणतात.

दादा काहीच म्हणत नाही. त्या रविवारपासून तो माझ्याशी एक शब्दही बोललेला नाही.