भुऱ्याचे आजोबा

तीस वर्षं ग्रंथालयाच्या तळघरात बसून बाइंडरांनी जुनी पुस्तकं शिवली, पुठ्ठे चढवले. पुस्तकं लोकांच्या हातात गेली, बाइंडर कुणाच्या नजरेस पडले नाहीत. त्याचं त्यांना फारसं वाटलंही नाही. ओळख आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही कुत्र्यामुळे. बायको गेली तेव्हा सुनेनं एक पिल्लू आणलं आणि दोरी त्यांच्या हातात दिली. "बाबा, तेवढंच तुमचं फिरणं होईल."

भुऱ्या राखेच्या रंगाचा, एक कान तेवढा काळा. दिसेल त्याच्या पायाशी जाऊन शेपूट हलवायचा. त्याला कुणी परकं नव्हतंच, त्यामुळे तीन वर्षांत त्याचं भुंकणं घरातसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. गल्लोगल्ली हाका येऊ लागल्या. "काय भुऱ्या, आज आजोबांना कुठं फिरवून आणतोयस?" बाइंडर कसनुसं हसत. घरी येऊन दोरी खिळ्याला अडकवली की त्यांना चालण्यापेक्षा त्या हसण्याचाच शीण जास्त जाणवे.

एकदा भुऱ्याचा पाय मुरगळला, म्हणून ते एकटेच औषधं आणायला गेले. रोज पाच मिनिटं गप्पा मारणाऱ्या औषधवाल्यानं मान वर न करता विचारलं, "नाव काय लिहू?"

"अहो, मी. भुऱ्याचा आजोबा."

औषधवाल्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तो हसला. "त्यांना मी चांगला ओळखतो हो."

पुढच्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या दारात शिपायानं वही पुढे केली. "नवीन का?" याच शिपायाबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं डबा खाल्ला होता. दुसऱ्या दिवशी ते भुऱ्याला घेऊन गेले, तर तोच उठून उभा राहिला. "या, बाइंडरसाहेब! किती दिवसांनी!"

त्यांनी वाद घातला नाही. वय झालं, त्याचंही आणि आपलंही, अशी स्वतःची समजूत घातली. पण तेव्हापासून ते दूध आणायलाही दोरी हातात धरूनच निघत.

वर्षातून एकदा पेन्शनच्या कचेरीत जाऊन आपण हयात असल्याचं दाखवावं लागे. आत कुत्र्याला मज्जाव होता आणि बाहेर दोरी बांधायला काहीच नव्हतं. पायरीवर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते. फार वेळ कुणाची तरी वाट पाहून दमल्यासारखे.

"जरा दोरी धरता का? दोनच मिनिटं."

गृहस्थांनी हात पुढे केला.

आत खिडकीवरच्या बाईंनी कागदावरचा फोटो पाहिला, मग त्यांना पाहिलं. "हे तुम्ही नाही."

"मीच आहे, बाई."

"कशाला मस्करी करता, आजोबा?" बाईंनी बाहेर बोट दाखवलं. "ते काय, कुत्र्याजवळ उभे आहेत. त्यांना पाठवा आत."

ते बाहेर आले, तेव्हा पायरी रिकामी होती.

घरी येईपर्यंत कुणी हाक मारली नाही. औषधवाल्याला त्यांनीच विचारलं.

"भुऱ्याचे आजोबा? आत्ताच गेले की घराकडे."

सुनेनं दार उघडलं, साखळी न काढता. "कोण हवंय?"

"अगं, मी."

ती सभ्यपणे बघत राहिली. फटीतून दिसत होतं: दोरी खिळ्याला अडकवलेली, खुर्चीत कुणीतरी पाय लांब करून बसलेलं.

"कोण आहे गं?" आतून आवाज आला. आपला आवाज दुसऱ्यांना कसा ऐकू येतो, हे बाइंडरांना कधी कळलं नव्हतं.

"माहीत नाही, बाबा. दमलेले दिसतात."

"पाणी दे त्यांना."

भुऱ्या उठून दाराशी आला. बाइंडरांनी फटीतून हात आत घातला. त्यानं बोटं हुंगली, सावकाश, एकेक.

मग तो मागे सरला आणि भुंकला.

"अगंबाई," सून म्हणाली, "याला भुंकता येतं?"