महाराजांचे पाय

“सोमवारी सकाळी त्याला गंगेत सोड, तेजल. आपल्या सायखेड्याच्या घाटावर. पाण्याचा जीव आहे, पाण्यात जाऊ दे.”

नवसाआत्याचं हे शेवटचं सांगणं. गंगा म्हणजे आमची गोदावरीच. मी आत्याचा हात हातात घेऊन ‘हो’ म्हटलं होतं. आणि दिलेला शब्द मोडला तर मला घास उतरत नाही, माझा स्वभावच तसा.

म्हणून तिचं तेरावं झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी, हरिपाठ उरकून, मी महाराजांना टोपलीत ठेवलं आणि नाशिकहून सायखेड्याची बस धरली. महाराज म्हणजे आमचं कासव. मी बारा वर्षांची असताना कुणीतरी आत्याला आणून दिलेलं. तेव्हापासून अकरा वर्षं महाराज आमच्या मोरीशेजारच्या घमेल्यात राहिले. रोज ताजं पाणी, रोज मेथीची पानं.

घाटावरचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. दगड गार, पाणी त्याहून गार. मी महाराजांच्या पाठीवर शेवंतीचं फूल ठेवलं, हात जोडले आणि त्यांना उचलून शेवटच्या पायरीवर वाकले...

“अहो ताई, एक मिनिट. त्याला बुडवताय का?”

मी वळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला एक तरुण, हातात शेवाळाची बरणी. नाव स्वराज, इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, सहावीच्या मुलांना दाखवायला गोगलगाई गोळा करतोय, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. ताई मात्र तेवढं एकदाच म्हणाला. नंतर दिवसभरात एकदाही नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

बुडवत नाही, सोडतेय, मी म्हटलं. कासव आहे, पोहेल की.

त्याने वाद घातला नाही. दोन पायऱ्या वर बसला आणि विचारलं, याचे पाय कधी नीट बघितलेत का?

अकरा वर्षं मी ते पाय धूत होते. बघितले नव्हते.

त्याने महाराजांना तळहातावर घेतलं आणि माझं बोट अलगद त्यांच्या पायावर टेकवलं. मी ते मागे घेतलं नाही... पाय हत्तीचा असावा तसा — गोल, खांबासारखा, बोथट नखांचा. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये पातळ कातडी असते, तो म्हणाला, वल्हं मारायला. पाठही त्याची चपटी, पाणी कापत जायला. महाराजांची पाठ तर उपड्या वाटीसारखी.

मग मला सगळंच विचारावंसं वाटू लागलं. पाठीवर या पिवळ्या चांदण्या कशाला? वाळलेल्या गवतात ऊन-सावलीच्या रेघा पडतात ना, त्यांत मिसळून जायला. आणि तहान लागली तर? बरंचसं पाणी पाल्यातूनच मिळतं. याला स्टार कासव म्हणतात, कोरड्या माळरानाचा प्राणी. मी विचारत गेले, तो सांगत गेला, आणि त्याची बरणी पायरीवर तशीच कलंडून पडली होती.

“मग घमेल्यात महाराज सारखे विटेवर चढून, मान वर करून का बसायचे?” मी विचारलं. “मला वाटायचं, तप करतायत.”

तो हसला नाही, म्हणून मी पुढचंही सांगितलं. ती वीट मीच ठेवली होती. तपाला आसन हवं ना.

“त्यांना पाण्यापासून लांब जायचं होतं,” तो हळूच म्हणाला. “पण तुमच्या त्या आसनावरच जगले ते.”

माझे डोळे भरून आले. तरी शब्द तो शब्द, म्हणून मी त्याला आत्याचं शेवटचं सांगणं सांगितलं. आत्यांना महाराजांचं भलंच हवं असणार, मग पाण्यात न सोडताही शब्द पाळल्यासारखाच की, असं तो समजावू लागला.

“शब्दातून सोयीचा अर्थ काढायला लागलं की शब्द उरत नाही, सर.”

मी महाराजांना वीतभर पाण्यात धरलं आणि तळहात जरा खाली नेला. चारही पाय भिरभिरले. पाठ एका अंगाला कलली, नाक पाण्याखाली गेलं... मग ते जड पाय माझ्या मनगटावर रुतले. मी त्यांना उचलून छातीशी धरलं. ओढणी भिजली.

“आत्या चुकली,” मी म्हटलं. तिच्याबद्दल असं मी जन्मात बोलले नव्हते. “आणि मी शब्द मोडतेय.”

“मोडा. मी साक्षीला आहे.”

असं कासव घरी ठेवता येत नाही, कुठल्याही शेतात सोडताही येत नाही, वनखात्याकडे द्यावं लागतं, हे त्याने मग सांगितलं. मी घाबरले. त्याने फोन करून मुख्याध्यापकांकडे रजा मागितली आणि माझ्याबरोबर नाशिकच्या बसमध्ये बसला. टोपली दोघांच्या मध्ये. खड्डा आला की दोघांचेही हात एकदमच तिच्यावर जात — आणि निघताना जरा उशीरच करत.

वनखात्यातले साहेब थोडं रागावले, मग त्यांनी महाराजांना मायेने उचलून घेतलं. त्यांच्या मुलखात पाठवू, म्हणाले.

बसस्थानकावर स्वराजने विचारलं, “शनिवारी माझ्या वर्गात याल? मी सांगितलं की पोरं जांभया देतात. तुम्ही ती वीट सांगा.”

“माझी चूक सांगायला येऊ?”

“चुकल्यावर तुम्ही नीट बघितलंत, ते सांगायला.” मग तो पायाने खडा सरकवत राहिला. “पोरं आगाऊ आहेत. विचारतील, सर, या तुमच्या कोण? मी काय सांगू?”

“तुम्हाला काय सांगावंसं वाटतं?”

“मला वाटतं ते... तुम्हाला चालेल की नाही, माहीत नाही.”

“येईन,” मी म्हटलं. “आणि उत्तर मीच देईन. पोरांसमोर नाही. शाळा सुटल्यावर.”

शनिवारी पहाटे तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. आई पोळ्या लाटत होती. सायखेड्याला जातेय म्हटल्यावर तिने कारण विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. घाटाचं, पायांचं, आत्याला दिलेल्या शब्दाचं... सरांचंही. लाटणं थांबलं. मग तिने फळीवरून एकाऐवजी दोन डबे काढले आणि दोन्हीत गरम पोळी-भाजी भरली.

मी डबे पिशवीत ठेवले, चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.