पाच पिना

सन १९८४, पौषाची अवस. धान मळून घरी आलं होतं आणि गावोगावी शंकरपट सुरू होते. दिवसा बैल पळायचे, रात्री नाटक. नाटकाला लागणारं लाइटचं सामान ब्रह्मपुरीचा रामाजी भाड्यानं द्यायचा. ते मी माझ्या मेटाडोरनं पोचवायचो. त्या दिवशी चामोर्शीच्या अलीकडच्या एका गावी पोचवलं. नीट बसा. मधे बोलू नका.

लाइटची सगळी जोडणी रामाजीचा माणूस इसरू करायचा. त्याची बायको सोमारी त्याच गावची लेक. तीही नाटकासाठी माहेरी आली होती.

आवाज नाटकात येऊ नये म्हणून जनरेटर दूर, बोडीच्या म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर ठेवायचे. तिथून लांब केबल स्टेजवरच्या बोर्डापर्यंत. तिच्या टोकाला पाच पिनांचा गोल प्लग. प्लगचे भाग दोन. एकात पितळी पिना, तो नर. दुसऱ्यात भोकं, ती मादी. नियम एकच. करंट जिकडून येतो तिकडे मादी लावायची. भोकात बोट जात नाही. पिना उघड्या असतात.

रामाजीनं त्या वर्षी भंगारातून स्वस्तात बोर्ड आणला. त्याच्या अंगातच भोकं होती. म्हणजे केबलला नर लावावा लागणार. इसरू म्हणाला, हे उलटं आहे, बोर्ड खोलून बदलतो, दोन तास द्या. रामाजीनं दिले नाहीत. खेळ थांबला तर पुढची बोलावणी जातात.

इसरूनं पाचही तारा सोलल्या. धागे पिळले, कथील पाजलं, एकेक तार पिनेत घालून स्क्रू आवळला, दोनदा ओढून पाहिली. मग तोंड रंगवणाऱ्याच्या डबीतला लाल रंग बोटावर घेऊन प्रत्येक स्क्रूला टिपका दिला. आवळलेल्या स्क्रूची ती त्याची खूण. दुसरं कोणी तसं करत नसे.

"भाऊ," तो म्हणाला, "मी 'सोडा' म्हणीन तवाच मशीन सुरू करा. तोवर पिना माह्या हातात रायतील."

"मले शिकवून राह्यला काय? तू म्हणशील तवाच."

हे मी ऐकलं आणि गाडीत जाऊन झोपलो. पुढचं पडदेवाल्यानं सांगितलं. लोक शिट्ट्या मारायला लागले. रामाजी पाळीवर गेला आणि त्यानं हँडल फिरवलं. इसरू अजून काही बोलला नव्हता.

इसरूची मूठ पिनांवर मिटली ती उघडली नाही.

स्टेजवर लाइट लागले नाहीत म्हणून रामाजीनं मशीन बंद केलं. येऊन पाहिलं. इसरूला जंगल रंगवलेल्या जुन्या पडद्यात गुंडाळून मागं सरकवलं, प्लग स्वतः बसवला आणि परत मशीन चालू केलं. नाटक कोंबडं आरवेपर्यंत चाललं. सोमारी पहिल्या रांगेत होती. दुसऱ्या अंकात विनोदी नट पडला तेव्हा सगळ्यांबरोबर तीही हसली.

पहाटे रामाजीनं मला उठवलं. म्हणाला, एक सामान वाढलं आहे.

गावाला त्यानं सांगितलं, इसरू प्यायला होता. सोमारी त्याच्यापुढं उभी राहिली. रडली नाही.

"भाऊ, तो गेला तं गेला. पण तो पेत नव्हता. चार माणसात एवढं सांगा."

"मेल्यावर सगळेच सोवळे होतात, बाई," रामाजी म्हणाला.

वर्षभरात ती ब्रह्मपुरीला त्याच्या दारात कितीदा तरी गेली. त्यानं तो एक शब्द दिला नाही.

पुढच्या पौषात तेच गाव, तीच अवस. आता बोर्ड चांगला होता. केबलला मादी होती. ती रामाजीनं त्या दुपारी माझ्यासमोर स्वतः बसवली. स्क्रू कोरे होते. मशीनवर इतवारी नावाचा नवा माणूस ठेवला होता.

रात्री साडेनऊ. मंडपात अंधार. लोक बसलेले, सोमारी पहिल्या रांगेत. इतवारी डिझेलचा डबा मागायला स्टेजवर आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. त्याच्या हातात बॅटरी. मशीन बंद. पाळीवर कोणी नव्हतं. रामाजी प्लग हातात घेऊन बोर्डापुढं वाकला.

तेवढ्यात पाळीवरून आवाज आला.

"भाऊ... सोडू काय?"

इतवारीनं माझा दंड धरला. रामाजी वाकलेलाच राहिला.

"इतवारी, तू हायेस काय तिकडं?"

"मी इथीच हाव, भाऊ."

इतवारीनं बॅटरी मारली. रामाजीच्या तळहातात पितळ चमकलं. पिना होत्या. पाच.

तो हात झटकू लागला. मूठ उघडेना.

"भाऊ... सोडू?"



रामाजी गुडघ्यावर आला. मग ओरडला. सगळ्या गावानं ऐकलं.

"इसरू प्यायला नव्हता. त्यानं सोडा म्हटलं नव्हतं. मीच सोडलं. मीच."

सोमारी उभी राहिली.

पाळीवर काही नाही... वारा नाही... काही नाही. रामाजीनं श्वास सोडला. त्याला वाटलं, सुटलो.

मग मशीन सुरू झालं.

इतवारी धावत जाऊन ते बंद करून आला. हँडल गाडीतच होतं, माझ्या सीटखाली. रामाजी संपला होता. त्याच्या तळहाताला पाच भोकं पडली होती, काळी, गोल.

मी त्याच्या हातातून प्लग सोडवला. मादीच होती. दुपारी बसवलेली तीच. पिन एकही नाही. मी तो खोलला. पाचही स्क्रूंवर लाल टिपका होता. बोटाला लागला. ओला होता.

सोमारीनं तो टिपका पाहिला. पदर डोक्यावर घेतला आणि घरी गेली.

देणं फिटलं.